तात्यांना भूल दिली तेव्हा

भूल देताना माणसाला काय काय होतं, ते मी तात्यांना आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. एक गोष्ट सोडून. ती का सोडली, हे लिहून काढावं असं बरेच दिवस मनात आहे. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

तात्या म्हणजे माझे वडील. इंदापूर तालुक्यात कळंबच्या अलीकडे कालव्याच्या पाण्याखाली आमची थोडी जमीन आहे. तिच्यात ऊस, वांगी, आणि वरच्या बाजूला तात्यांनी स्वतः लावलेली लिंबोणीची बाग. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. माझ्याआधी आमच्या घरातून कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी शिकत होतो इतिहास आणि संस्कृत. पण गावाला विषयाशी कर्तव्य नव्हतं. सुटीत घरी आलो की लोक बंद पडलेली घड्याळं माझ्याकडे घेऊन यायचे. मीही ती उघडून बघायचो. ‘मला यातलं कळत नाही’ असं म्हणायचं धैर्य मला नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत आलो तेव्हा तात्यांचा उजवा तळहात सुजलेला होता. लिंबोणीचा काटा अंगठ्याच्या बुडाशी मोडला होता. तीन आठवडे त्यांनी जवसाचं पोटीस बांधलं, वर हळद भरली, आणि त्याच हाताने खुरपंही धरलं. मी पट्टी सोडली तर अंगठ्याखालचं मांस निळसर काळं पडलेलं, आणि एक वास. तो वास घेतल्यावर मी आईकडे पाहिलं. तिने तो आधीच ओळखला होता.

“ह्यास्नी सांगून सांगून माझं तोंड दुखलं,” आई म्हणाली. “आता तू घेऊन जा कुठंतरी. तुझं ऐकतील.”

बारामतीला एका डॉक्टरांनी एका घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना काढला होता. चार खाटा, एक कंपाउंडर. मी आणि चुलते तात्यांना बैलगाडीतून तिकडे घेऊन गेलो. चुलत्यांना आम्ही आबा म्हणतो. आई जनावरांसाठी आणि बागेच्या पाण्याची पाळी होती म्हणून मागे राहिली. निघताना ती गाडीबरोबर वेशीपर्यंत आली. तात्या तिला म्हणाले, “वरच्या वाफ्याला पाणी कमी सोड.” एवढंच बोलणं झालं.

डॉक्टरांनी हात पाहिला, सळई घालून पाहिली, आणि तात्यांना बाहेर बसायला सांगून मला आत ठेवून घेतलं.

“काटा आत आहे. हाडाला लागलंय. उघडून खरवडावं लागेल. काम पंधरा मिनिटांचं, पण शुद्धीत सोसणार नाही. क्लोरोफॉर्म द्यावा लागेल. तुम्ही शिकलेले आहात, घरच्यांना नीट समजावून सांगा.”

मी वही काढली. ते सांगत गेले तसं लिहीत गेलो. उद्या पहाटेपासून पोटात काही नको, पाण्याचा घोटही नको. तंबाखू नको. हातातलं कडं, गळ्यातला ताईत काढून ठेवायचा. हलणारा दात असेल तर आधी सांगायचं. तोंडावर जाळी ठेवून तिच्यावर औषधाचे थेंब टाकतात. वास गोड आणि जड असतो. घसा चुरचुरतो, जीव कोंडल्यासारखा वाटतो. त्या वेळी श्वास रोखू नये. कानांत घणघण होते. काही माणसं हसतात, काही शिव्या देतात, काही हात झाडतात. म्हणून हात बांधतात. रोग्याला आकडे मोजायला सांगतात. आकडे चुकायला लागले, मग थांबले, की समजायचं भूल चढली. नंतर ओकाऱ्या, डोकं जड, दिवसभर तहान. तरी पाणी द्यायचं नाही, ओठ फक्त ओले करायचे.

मी वही मिटली तेव्हा ते म्हणाले,

“आणखी एक. क्वचित एखाद्याचं हृदय थांबतं. मोठ्या कामात नव्हे, अशाच छोट्या कामात. असं का होतं ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही. हे घरी सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

ते मी वहीत लिहिलं नाही.

संध्याकाळी आम्ही बारामतीतच आईच्या मावसबहिणीच्या घरी ओट्यावर बसलो होतो. मी वही उघडून एकेक वाचत होतो. तात्या मांडी घालून, दुखरा हात मांडीवर ठेवून ऐकत होते. मी पुराण सांगत असतो तरी इतकं लक्ष देऊन त्यांनी ऐकलं नसतं.

“म्हंजी दारूवानीच की,” आबा म्हणाले. “फरक इतकाच, दारू पिलेला माणूस सोताच्या पायानं घरी येतो.”

“ह्यातनंबी येतो,” तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “येतो न्हवं रं?”

“येतो की,” मी म्हणालो.

“समदे येत्यात?”

“समदे येतात, तात्या.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत संशय नव्हता, आणि तेच मला जड गेलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “मोजायचं म्हंजी कसं मोजायचं?”

“तुमी रोज मोजता तसंच,” मी म्हणालो. तो विषय संपावा एवढंच मला हवं होतं.

सकाळी दवाखान्यात टेबलावर पांढरी चादर घातली होती. खिडकीच्या खालच्या काचांना चुना फासलेला. स्टोव्हवर भांड्यात हत्यारं उकळत होती आणि झाकण खडखडत होतं. डॉक्टर म्हणाले, पाय धरायला कोणीतरी हवं. आबा रक्त बघून पडतात, म्हणून मी आत गेलो.

“इथे एक शब्द बोलायचा नाही,” डॉक्टर मला म्हणाले. “मला फक्त रोग्याचा आवाज ऐकू आला पाहिजे.”

तात्यांना निजवलं. उजवा हात शेजारच्या फळीवर पसरला. डावा हात मनगटाशी फडक्याने टेबलाला बांधला. बोटं मोकळी होती. कंपाउंडरने तारेची जाळी त्यांच्या नाका-तोंडावर ठेवली आणि तपकिरी बाटलीतून थेंब टाकायला लागला. डॉक्टर पाठ करून कोपऱ्यातल्या मोरीवर हात धूत होते. तो वास माझ्यापर्यंत आला. खूप पिकलेल्या फळासारखा. मी तात्यांचे दोन्ही घोटे धरले. पाय थंड होते.

“हं, मोजा,” कंपाउंडर म्हणाला.

“लाभ,” तात्या म्हणाले. “दोन. तीन. चार.”

आमच्याकडे पहिल्या मापाला कोणी ‘एक’ म्हणत नाही. धान्य असो, लिंबं असोत, पहिल्याला ‘लाभ’ म्हणायचं. लिंबं मोजताना दोन्ही हातांत मिळून पाच उचलायची, तो एक आकडा. असे वीस झाले की शंभर लिंबं होतात. मग पुढे एकवीस म्हणायचं नाही. एक बोट मिटायचं आणि पुन्हा ‘लाभ’पासून सुरुवात. तात्यांनी आयुष्यभर असंच मोजलं होतं. वीसच्या पुढचा आकडा त्यांनी कधी लागोपाठ म्हटलेला मी ऐकला नव्हता. आणि मीच त्यांना सांगितलं होतं, रोज मोजता तसं मोजा.

“एकोणीस. वीस.” जाळीखालून आवाज जड येत होता. डाव्या हाताची करंगळी मिटली. “लाभ. दोन.”

“आकडे चुकायला लागले,” डॉक्टर तिकडूनच म्हणाले. “लवकर चढतंय. चालू ठेव.”

मी करंगळीकडे बघत होतो. मला कळलं होतं. हे चुकणं नव्हतं. पण एक शब्द बोलायचा नाही, असं सांगितलं होतं. शिवाय मनात आलं, डॉक्टरांना कळत नसेल असं कसं होईल? ते इतकं शिकलेले. मी कोण त्यांना सांगणार?

दुसरी वीस सावकाश झाली. अनामिका मिटली. “लाभ,” तात्या म्हणाले.

डॉक्टर हात वर धरून टेबलाशी आले. “पुन्हा तेच ते बडबडतायत. डोळा बघ.”

कंपाउंडरने पापणी वर केली, खाली सोडली. “झालंय,” तो म्हणाला.

“अठरा. एकोणीस. वीस.” आवाज आता विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा लांब गेला होता. पण मधलं बोट मिटलं. ते मी पाहिलं. “लाभ… दोन…” सातला आवाज थांबला. घोटे माझ्या हातांत ताठ झाले. त्यांनी श्वास रोखला होता. डॉक्टरांनी सुरी घेतली. मी तोंड उघडलं. “डॉक्टरसाहेब” एवढं म्हणालो असेन, किंवा म्हणालोही नसेन. आजही मला खात्री नाही.

सुरी लागली आणि तात्या सबंध उठले. माझ्या हातांतून पाय सुटले, जाळी खाली पडली, फळी कलंडली. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. मग ते मागे पडले, आणि काहीच हललं नाही.

“खिडकी उघड,” डॉक्टर म्हणाले. “डोकं खाली घे. चिमटा दे.” त्यांनी चिमट्याने तात्यांची जीभ बाहेर ओढली आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागले. दाबायचे, सोडायचे. तात्यांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. ओठ निळे. मी भिंतीला टेकून उभा होतो. डॉक्टरांनी सांगितलेली आणि वहीत न लिहिलेली ती गोष्ट माझ्यासमोर टेबलावर पडली होती.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग मोटेची सोंड पाण्यातून वर येताना जसा ओढल्याचा आवाज होतो, तसा एक श्वास आला. मग दुसरा.

डॉक्टरांच्या कपाळावरून घाम नाकावर ओघळत होता. त्यांनी जखमेवर बोळे दाबून पट्टी बांधली. “आज पुढे नाही,” ते म्हणाले. “वरचा पू गेला. काटा आणि सडलेलं हाड तसंच आहे. चार दिवसांनी पुन्हा करावं लागेल. इतक्या लवकर दुसऱ्यांदा भूल देणं मला आवडत नाही. पण थांबलो तर आधी अंगठा जाईल, मग हात.”

दुपारी तात्यांना शुद्ध आली. दोनदा ओकले. मी ओल्या फडक्याने त्यांचे ओठ पुसत होतो.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

“न्हाय. पुन्हा करायचं हाय.”

“मंग माझंच कायतरी चुकलं.” ते डोळे मिटून आठवत होते. “तीन विसा झाल्या व्हत्या. चौथीतलं सात. तितं गेलो. डाक्तरास्नी सांग, पुढच्या येळंला नीट मोजतो.”

“तुमचं काय न्हाय चुकलं,” मी म्हणालो. त्याच्या पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं. ते मी बोललो नाही.

दोन दिवस मी ते तसंच ठेवलं. तात्या खाटेवर पडून हळूच ओठ हलवायचे. मी जवळ गेलो की थांबायचे. दुसऱ्या दिवशी जवळ बसून ऐकलं, तर ते मोजण्याचा सराव करत होते.

“काय करताय, दाजी?” आबांनी थट्टेने विचारलं. तात्या आजारी पडले की आबा भावालाच मुद्दाम पाहुण्यासारखं दाजी म्हणत. “लिंबं न्हाईत, बाजार न्हाय, कुणाला इकताय?”

“गप ऱ्हा. डाक्तरला त्रास झाला माझ्यापायी.”

ते ऐकून मी उठलो आणि डॉक्टरांच्या खोलीत गेलो. ते जेवून वाचत बसले होते. उभ्या उभ्याच मी सांगितलं: वीस झाले की पुन्हा लाभ, बोट मिटणं, मी पाहिलेली तीन बोटं, आणि रोज मोजता तसं मोजा हे मीच सांगितलं होतं ते.

डॉक्टरांनी पुस्तक खाली केलं. “धान्य मोजताना लाभ म्हणतात हे मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पण टेबलावरच्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि मी भूल समजलो. चूक माझी. पण तुम्ही बघत होतात. बोलला का नाहीत?”

“आपण बोलू नका म्हणाला होतात.”

“म्हणून?”

“आणि मला वाटलं, आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

“कळतं,” ते म्हणाले. “पण त्यांची बोटं तुम्हाला कळत होती.” त्यांनी पुस्तक मिटलं. “या वेळी ते मोजणार नाहीत. तुम्ही डोक्याशी उभे राहून त्यांच्याशी बोलायचं. त्यांनी तुमचं बोट धरलेलं असेल. माझ्या खुणा मी बघेनच, पण तुम्ही ‘आता’ म्हणेपर्यंत सुरी लावणार नाही.”

मी तात्यांकडे परत आलो. आबा बैलांना पाणी दाखवायला गेले होते. मी खाटेच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. मोजण्याचं सांगितलं. मग टेबलावर त्यांचा श्वास थांबला होता, ते सांगितलं. आणि असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, तेही.

तात्या छताकडे बघत होते.

“समदे येत न्हाईत तर,” ते म्हणाले.

“न्हाय.”

“मंग तवा का न्हाय सांगितलंस?”

“तुमी आला नसता.”

“आलो असतो,” ते म्हणाले. “हात कामाचा हाय, आलोच असतो. पर तुझ्या आईशी बोलून आलो असतो.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वेशीपर्यंत आलेली आई आठवली. वाफ्याच्या पाण्याचं ते बोलणं शेवटचं ठरता ठरता राहिलं होतं, हे आजवर त्या दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

“आबाला पाठीव,” ते म्हणाले. “तिला घेऊन ये म्हणावं. उद्या सांजंपातुर.”

आबा लगेच निघाले. दुसऱ्या दिवशी आई आली. गाडीतून उतरल्यावर तिने मला काही विचारलं नाही. आबांनी वाटेत सांगितलंच असणार. ती सरळ आत गेली आणि तात्या म्हणाले, “दार लोटून घे.” मी आणि आबा बाहेर बाकावर बसलो. आत आवाज इतके खाली होते की एकही शब्द बाहेर आला नाही. एकदा आईचा हुंदका ऐकू आला, मग बराच वेळ तात्यांचंच बोलणं. आबांनी तंबाखू काढली, मळली, आणि न खाताच टाकून दिली.

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच टेबल, तोच वास. आई आणि आबा बाहेर थांबले. मी डोक्याशी उभा राहिलो. तात्यांनी डाव्या हाताने माझं बोट धरलं. कंपाउंडरने जाळी ठेवली.

“तात्या, वरच्या वाफ्यातली झाडं किती?” मी विचारलं.

“अकरा. एक वाळलं.”

“कोणतं वाळलं?”

“कडंचं.” त्यांची पकड घट्ट होती. “घसा लई चुरचुरतोय.”

“तसं होतं. श्वास रोखू नका.”

मी विचारत गेलो. ते उत्तरं देत गेले, मग अर्धी उत्तरं, मग नुसता हुंकार. हुंकार थांबला तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. बोटावर अजून दाब होता. मी त्यांच्या कानाशी वाकून हाक मारली. दाब आला. पुन्हा हाक मारली. आला, पण उशिरा. पुन्हा मारली.

काही आलं नाही. त्यांची बोटं माझ्या बोटावरून आपोआप सुटली आणि चादरीवर पडली.

आता मला तो शब्द बोलायचा होता. त्यांना एवढ्या लांब पाठवून वर सुरी लावा म्हणायचं, आणि ते परत येतील की नाही हे कोणाला ठाऊक नव्हतं; मला तर मुळीच नाही. डॉक्टर थांबले होते. कंपाउंडरही थांबला होता.

“आता,” मी म्हणालो.

काटा निघाला. नखाएवढा होता, काळा. हाडाचे तीन लहान तुकडे निघाले. मी त्यांच्याकडे एकदाच बघितलं; बाकी सगळा वेळ तात्यांच्या छातीकडे बघत होतो.

तिसऱ्या प्रहरी त्यांनी डोळे उघडले. आई उशाशी बसली होती, मी पायाशी. त्यांची नजर जरा भटकली, मग तिच्यावर थांबली. आईने ओल्या फडक्याने त्यांचे ओठ पुसले, पदराने स्वतःचं तोंड पुसलं, आणि माझ्या देखत म्हणाली, “काल दार लोटून काय काय बोललासा, ते समदं इसरा आता.”

“न्हाय,” तात्या म्हणाले. आवाज घोगरा होता, पण शब्द सुटे होते. “ते तसंच ऱ्हाऊ दे.”